केफिरचे दाणे की पाकिटातलं प्रोबायोटिक विरजण?

रोजच्या दह्याच्या पुढे जाऊन पोटासाठी काहीतरी घरीच आंबवायचं ठरवलं, की दोन पर्याय समोर येतात. एक केफिरचे दाणे, म्हणजे ज्यांनी दूध आंबवून केफिर नावाचं ताकासारखं पेय बनतं ते; दुसरं वाळवलेल्या प्रोबायोटिक जिवाणूंचं पाकीट. मी दोन्ही वापरले आहेत आणि आज आमच्या ओट्यावर केफिरची बरणी आहे. पण तुमची गरज माझ्यापेक्षा वेगळी असू शकते, म्हणून दोन्हींबद्दल सांगतो.

तुमची तक्रार फक्त 'दूध पचत नाही' एवढीच असेल, तर कदाचित या दोन्हींची गरज नाही. दह्यातले जिवंत जिवाणू लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, पचवायला मदत करतात, हा दावा युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2010 साली मान्य केला. अट एवढीच, की एका ग्रॅममध्ये किमान 10 कोटी जिवाणू जिवंत हवेत. घरच्या चांगल्या, ताज्या दह्याने बहुतेकांचं काम भागतं.

त्यापुढचं हवं असेल तर मात्र पाकिटावरचे कोटींचे आकडे बघून ठरवू नका. जिवाणू दुधात राहून काय तयार करतात, ते बघा. दुधातल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल होतं. केसिन हे दुधातलं प्रथिन तुटून त्याचे लहान तुकडे, म्हणजे पेप्टाइडं, सुटे होतात. स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलससारखे काही जिवाणू फोलेट हे ब गटातलं जीवनसत्त्व बनवतात. हे सगळं व्हायचं, तर आपल्याला हवा तो जिवाणू त्या भांड्यात खरोखर वाढला पाहिजे. माझी निवड शेवटी याच मुद्द्यावर ठरली.

पाकिटाची जमेची बाजू मोठी आहे. आत कोण आहे ते माहीत असतं. उदाहरणार्थ, लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी हा जिवाणू. शेरवूड गोर्बाक आणि बॅरी गोल्डिन यांनी 1983 मध्ये तो वेगळा काढला आणि त्यांच्या आडनावांवरून 'जीजी' आलं. अँटिबायोटिकमुळे मुलांना होणाऱ्या जुलाबांवर त्याचा बराच अभ्यास झाला आहे. डॉक्टरांनी एखाद्या ठरावीक जिवाणूचं नाव लिहून दिलं असेल, तर केफिरचा विचार बाजूला ठेवा आणि तेच घ्या. शिवाय पाकिटाचं दही सौम्य लागतं, वडीसारखं घट्ट लागतं, आणि मुलं कुरकुर न करता खातात.

आता माझी अडचण. आपल्याकडे विरजण म्हणजे कालच्या दह्यातलं चमचाभर बाजूला काढलेलं दही. पाकिटाच्या दह्याचं तसं करता येत नाही. म्हणजे दही लागतं, छान लागतं, पण दुसऱ्या-तिसऱ्या खेपेपासून चव बदलत जाते आणि हळूहळू ते आपल्या नेहमीच्या दह्यावर येतं. जीजी दुधातलं लॅक्टोज जवळजवळ वापरूच शकत नाही. म्हणून अशा पाकिटात त्याच्या जोडीला बहुधा थर्मोफिलस असतो आणि दही खरं तर तोच लावतो. पाकिटांत असणाऱ्या दुसऱ्या एका जिवाणूला, बिफिडोबॅक्टेरियमला, हवा सोसत नाही, आंबटपणाही सोसत नाही, आणि दुधात तो सावकाश वाढतो. मग चमचाभर दही पुढच्या दुधात घातलं, की भराभर वाढणारे पुढे जातात आणि ज्यांच्यासाठी पैसे मोजले ते मागे पडत जातात. दही लागलेलं डोळ्यांना दिसतं, पण त्यात काय उरलंय ते घरी तपासायचा मार्ग नाही. खात्री हवी तर दर वेळी नवं पाकीट फोडायचं. मला ते फार खुपलं. खर्चापेक्षाही, विरजण घरात टिकत नाही हे खुपलं. त्यात भांडं 37 ते 42 अंशांवर कित्येक तास ठेवायचं. पुण्याच्या डिसेंबरात ते सोपं नाही.

केफिर कॉकेशस पर्वताच्या भागातलं. दाणे फ्लॉवरच्या बारीक तुऱ्यांसारखे दिसतात. त्यांत लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू, ॲसेटिक आम्ल बनवणारे जिवाणू आणि यीस्ट एकत्र नांदतात. लॅक्टोबॅसिलस केफिरानोफेसियन्स हा त्यांतला जिवाणू केफिरान नावाची चिकट बहुशर्करा (साखरेच्या रेणूंची लांब साखळी) बनवतो आणि तीच त्या सगळ्यांना धरून ठेवते. त्यामुळे दूध गाळलं, की हातात उरलेले दाणे हेच उद्याचं विरजण. 20 ते 25 अंशांना साधारण दिवसभरात केफिर तयार होतं. केफिरानचे चांगले परिणाम बरेचसे प्राण्यांवरच्या आणि प्रयोगशाळेतल्या अभ्यासांत दिसले आहेत, त्यामुळे मी त्याला औषध म्हणणार नाही. माझ्यापुरतं सांगायचं तर पोट हलकं राहतं आणि सकाळ वेळेवर होते.

त्रास केफिरलाही आहेत. रोज गाळावं लागतं. चव ताकापेक्षा तीव्र, किंचित फसफसणारी, आणि यीस्टचा वास घरातल्या सगळ्यांना रुचेलच असं नाही. आमच्याकडे आलं, जिरं, कोथिंबीर घालून मठ्ठा केला तेव्हा ते चाललं. त्याची कढी केली तर आम्ल राहतं, जिवाणू मात्र मरतात. थोडं अल्कोहोलही तयार होतं, सहसा एक टक्क्याच्या आत. ज्यांना तेवढंही चालत नाही त्यांनी, आणि गरोदर बायकांनी, विचार करून ठरवावं. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी किंवा केमोथेरपी चालू असलेल्यांनी दोन्हींपैकी काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

विदर्भ-मराठवाड्यातला उन्हाळा हा केफिरचा खरा शत्रू. काही तासांत पाणी सुटतं आणि आंबट ढाण होतं. तिथे दाणे कमी, दूध जास्त घ्यावं, आणि घट्ट व्हायला लागताच गाळून फ्रिजमध्ये ठेवावं. मे महिन्यात एवढं सांभाळणं शक्य नसेल, तर पाकीट बरं, हे मान्य.

घेताना एक बघा. केफिरच्या नावाने भुकटीही मिळते. तिने पेय होतं, पण दाणे तयार होत नाहीत, म्हणजे पुन्हा दर वेळी पाकीट आलंच. दाणे ज्याच्याकडे आहेत त्याच्याकडूनच मिळवावेत. ते वाढत राहतात, त्यामुळे देणारा सहसा आनंदाने देतो. गावाला जायचं असेल तर ताज्या दुधात बुडवून फ्रिजमध्ये ठेवा, आठवडाभर सहज राहतात. परत आल्यावर पहिली एक-दोन दुधं पातळ किंवा बेचव लागतील, मग दाणे पूर्ववत होतात.