एलएस३/५ए: पेटी लहान, क्रॉसओव्हर मोठा

ठाण्याच्या मित्राने एलएस३/५ए या छोट्या स्पीकरची जुनी जोडी घेतली, १५ ओहमवाली (ओहम म्हणजे स्पीकरच्या विद्युत विरोधाचं माप), आणि माझं मत हवं म्हणून माझ्याकडे आणून ठेवली. बीबीसीने १९७०च्या दशकात हे स्पीकर आखले ते बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांत बसावेत म्हणून. उंची जेमतेम ३० सेंटिमीटर. आत केईएफ कंपनीचा बी११० वूफर (खालच्या सुरांसाठी) आणि टी२७ ट्वीटर (वरच्या सुरांसाठी). दोघांतही खोडी आहेत. वूफर हजार हर्ट्झच्या पुढे फुगतो आणि ट्वीटर त्याच्या मानाने जरा जास्तच मोठ्याने बोलतो.

खरी करामत क्रॉसओव्हरची, म्हणजे वूफर आणि ट्वीटरमध्ये सूर वाटून देणाऱ्या सर्किटची. वूफरचा फुगवटा दाबायला कॉइल-कपॅसिटरची वेगळी जुळणी आहे, ट्वीटरला आवरायला टॅप काढलेला (मधल्या जागांवरून तारा काढलेला) ट्रान्सफॉर्मर. मग ३ किलोहर्ट्झच्या आसपास एकाने सोडायचं, दुसऱ्याने उचलायचं. आपला कान नेमका त्याच पट्ट्यात सगळ्यात तिखट, म्हणून चूक झाकत नाही.

दोघांमधला हा जोड पारखायला मी तबला लावतो. चाटेचा (तबल्याच्या काठावरच्या बोलाचा) सूर येतो वूफरमधून, तिची ‘टक्’ ट्वीटरमधून. जोड ढिला असला की एकच बोट दोन जागी आपटल्यासारखं वाटतं. माझ्याकडच्या एका नव्या, चकचकीत जोडीत अगदी हेच होतं. उघडून पाहिलं तर क्रॉसओव्हरच्या नावाने ट्वीटरच्या तारेत एकुलता एक कपॅसिटर, वूफर मोकाट. एलएस३/५एमध्ये चाट एकाच जागी वाजते. किशोरीताईंचा आवाज तर दोन पेट्यांच्या मधोमध असा उभा राहतो की पेट्यांकडे लक्षच जात नाही. माणसाच्या आवाजासाठी मी याहून चांगलं फारसं ऐकलेलं नाही.

उणं काय? डग्ग्याचा खालचा घुमारा नाही. वरच्या खर्जात थोडी भर आहे, तिच्यामुळे कान फसतो इतकंच. संवेदनशीलता (ठरावीक ताकदीवर आवाज किती मोठा येतो ते) ८३ डेसिबलच्या आसपास, म्हणजे फडतूस अ‍ॅम्प्लिफायर चालणार नाही आणि गणपतीच्या मांडवात तर मुळीच नाही. ट्वीटर कानाच्या उंचीवर हवा. सोफ्यावरून उठलात की ३ किलोहर्ट्झच्या आसपास दोन युनिटांचे आवाज एकमेकांना खातात आणि गाणारा लगेच मागे सरकतो.

घेणार असाल तर १५ ओहम की ११ ओहम, ते आधी बघा. ११ ओहमची आवृत्ती १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात आली. तिचा वूफर बदलला होता, म्हणून क्रॉसओव्हरही बदलला. एकीचा काढून दुसरीत बसवायचा नाही. इतके जुने कपॅसिटर मोजून घ्या. मूळ मूल्यापासून सरकले असतील तर तेवढ्याच मूल्याचे टाका, मोठे नकोत. आणि विकणारा ‘भारीतले कपॅसिटर टाकून अपग्रेड केलंय’ असं कौतुकाने सांगत असेल, तर जुने भाग सोबत मागा. नसतील तर भाव पाडून मागा.