पुड्यांचा ढीग साचलाय. गट्टू करायचे, पत्रे की रस्ता?

दुधाच्या पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या भंगारवाला आनंदाने नेतो. मागे राहतात त्या वेफर्स, बिस्किटं, शाम्पू आणि गुटख्याच्या पुड्या. पुडी फाडली की आतून चंदेरी दिसते. प्लास्टिकचे दोन-तीन थर आणि त्यात अ‍ॅल्युमिनियमचा पातळ मुलामा असे ते घट्ट चिकटलेले असतात. ते सुटे करणं कुणालाच परवडत नाही, म्हणून त्यांना भाव नाही. अशा वेळी ‘यापासून बांधकामाचं साहित्य करून देतो’ असा प्रस्ताव घेऊन कुणी ना कुणी ग्रामपंचायतीत किंवा सोसायटीत येतंच. कशाला हो म्हणायचं, हे तुमच्याकडचं प्लास्टिक कोणतं आणि तयार माल वापरायचा कुठे, यावरच ठरवा.

सगळ्यात जास्त खप गट्टूंचा, म्हणजे पेव्हर ब्लॉकचा. वितळलेलं प्लास्टिक आणि वाळू एकत्र करून साच्यात दाबतात. केनियात नैरोबीच्या न्झाम्बी माटी यांनी याच पद्धतीने फुटपाथ आणि अंगणांसाठी गट्टू बनवले आणि 2020 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने त्यांना गौरवलं. सिमेंटच्या गट्टूशी तुलना केली तर याच्या जमेच्या बाजू खऱ्या आहेत. तो हलका असतो, पाणी फारसं पीत नाही, आपटला तर कपचा उडत नाही आणि त्यावर पाणी मारत बसावं लागत नाही. शिवाय कचराही बराच खपतो. नेहमीच्या मापाचा गट्टू दोन किलोचा आणि त्यात तीस टक्के प्लास्टिक धरलं, तर एका गट्टूत सहाशे ग्रॅम जातं. एक पुडी पाच ग्रॅमची धरा, म्हणजे एकामागे सव्वाशेच्या आसपास पुड्या.

अडचण उन्हाची आहे. तापल्यावर पॉलिथिन सिमेंट काँक्रीटच्या दहापटीहून जास्त प्रसरण पावतं आणि सतत भार राहिला तर हळूहळू दबत जातं. चंद्रपूर-अकोल्याच्या मे महिन्यात काळ्या गट्टूचा पृष्ठभाग साठ अंशांच्या पुढे जातो. तिथे गाडी दिवसभर उभी राहिली तर चाकाखाली खळगा पडण्याची भीती खरी आहे. विक्रेता ताकदीचा दाखला दाखवतो तो बहुधा प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या तापमानाचा. साठ अंशांवर काय झालं, ते विचारा. आयएस 15658 हे मानक काँक्रीटच्या गट्टूंसाठी आहे, त्यामुळे त्याचा आकडा इथे जसाच्या तसा लावता येत नाही.

नमुन्याचा एक गट्टू मागून घ्या आणि मधोमध फोडून पाहा. आत जाळीसारखी भोकं दिसली तर वाळू ओली होती किंवा प्लास्टिक जास्त तापून त्यातून वायू सुटला. वाळूचे कण नुसते बोटाने निघाले तर मिश्रण नीट झालेलं नाही. चांगल्या गट्टूचा छेद गच्च असतो आणि प्रत्येक कण प्लास्टिकमध्ये रुतलेला दिसतो. माल कसा वितळवतात, हेही जाऊन बघा. उघड्या पिंपाखाली जाळ लावून ढवळत असतील तर तो धूर ढवळणाऱ्याच्या छातीत जातोय. असा गट्टू कितीही स्वस्त पडला तरी घेऊ नका.

पुड्यांसाठी माझी पहिली पसंती दाबलेल्या पत्र्यांना आणि फळ्यांना आहे. पुड्यांचा चुरा गरम प्रेसमध्ये दाबतात. अ‍ॅल्युमिनियम वेगळं करावंच लागत नाही, ते आतच राहतं. फळीला स्क्रू लागतो, वाळवी लागत नाही, आणि पावसात प्लायवूडसारखी ती फुगत नाही. गोठा, सायकल स्टँड, बाकं, पार्टिशन यांना उत्तम. लोखंडी पत्र्यापेक्षा पावसाचा आवाज कमी येतो आणि उन्हाळ्यात खाली तेवढं भाजत नाही. मात्र मधे झोळ पडू नये म्हणून आधाराचे अँगल जवळजवळ द्यावे लागतात, तो खर्च अंदाजपत्रकात धरा. आणि चुलीवर किंवा गॅसच्या शेगडीवर हे छप्पर नको. शेवटी ते प्लास्टिक आहे, पेटतं.

झबला पिशव्या जास्त असतील तर रस्ता बरा. मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयाचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक आर. वासुदेवन यांची ही पद्धत. खडी 160-170 अंशांपर्यंत तापवायची, त्यावर प्लास्टिकचा चुरा टाकायचा, खडीवर त्याचा लेप बसला की डांबर ओतायचं. रस्ते बांधणीची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेने 2013 मध्ये याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. डांबराच्या वजनाच्या सहा ते आठ टक्के प्लास्टिक त्यात सांगितलं आहे. पीव्हीसी, म्हणजे नळाच्या पाइपांचं प्लास्टिक, मात्र अजिबात चालत नाही, तापल्यावर त्यातून आम्लाचा वायू सुटतो. एका गावाला हे एकट्याने झेपत नाही. एकेरी रस्त्याच्या किलोमीटरला साधारण टनभर प्लास्टिक लागतं आणि गरम खडी आणि डांबर मिसळणारा हॉट मिक्स प्लँटही जवळ हवा. चार-पाच गावांनी मिळून ठेकेदाराशी बोललं तरच जमतं.

भिंतीच्या विटांबद्दल मी सावध आहे. आयव्हरी कोस्टमध्ये युनिसेफने कोलंबियाच्या कॉन्सेप्टोस प्लास्टिकोस कंपनीबरोबर एकमेकांत अडकणाऱ्या प्लास्टिकच्या विटांनी शाळेचे वर्ग बांधले. त्यामागे स्वतंत्र कारखाना आणि निवडलेला माल होता. ती व्यवस्था नसताना कुणी राहत्या घराची भारवाहक भिंत सुचवत असेल तर नाही म्हणा. पुड्या ठासलेल्या बाटल्यांचे कट्टे शाळेच्या आवारात ठीक, फक्त बाटलीला ऊन लागू नये म्हणून वरून गिलावा हवाच.

उरलेला मळका कचरा सिमेंटच्या भट्टीत पाठवता येतो. चंद्रपूर जिल्ह्यात असे कारखाने आहेत. भट्टीत क्लिंकर, म्हणजे दळून ज्याचं सिमेंट करतात ते खडे, सुमारे 1450 अंशांना तयार होतं, कचरा तिथे इंधन म्हणून जळतो. साहित्य हाती येत नाही, पण शेताच्या बांधावर पेटवण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं.

करारात दोन गोष्टी लिहून घ्या. तुटलेले गट्टू आणि पत्रे पुरवठादार परत नेईल, कारण ते फोडून टाकले तर तोच चुरा मातीत जाणार. दुसरी गोष्ट वर्गीकरणाच्या मजुरीची. पुडी इतकी हलकी की किलोभर जमवायला दोनशे पुड्या वेचाव्या लागतात. त्यात गुटख्याच्या असतील तर कितीतरी जास्त. कचरावेचक बाईला तेवढ्या वेळात बाटल्यांचे चांगले पैसे मिळतात. तिला पुड्यांचा किलोमागे दर ठरवून दिला नाही तर मशीन आणूनही माल येणार नाही. तो दर कोण देणार, पंचायत की पुरवठादार, हे बयाणा देण्याआधी ठरवा.