काकांच्या पडद्यावर दोनच चौकोन : युनोहोस्ट वर्षभर वापरून

आमचं ऑफिस इचलकरंजीत, कर सल्लागाराचं. मी आणि वन्सं भागीदार, दोन अकाउंटंट मुली, हंगामाप्रमाणे तीन-चार शिकाऊ पोरं, आणि एक जुने कारकून ज्यांना पार्ट्यासुद्धा, म्हणजे आमचे ग्राहकसुद्धा, काकाच म्हणतात. पार्ट्या बहुतेक यंत्रमागवाल्या. मागच्या वर्षापर्यंत सगळ्या फायली एका सामायिक फोल्डरमध्ये होत्या आणि त्याला एकच पासवर्ड होता, प्रिंटरच्या झाकणावर चिकटपट्टी लावून लिहिलेला. एखादं पोरगं काम सोडून गेलं की पासवर्ड बदलायचं ठरायचं आणि जीएसटीचं विवरणपत्र भरायची 11 तारीख जवळ आली की राहून जायचं.

नॅसची, म्हणजे ऑफिसभर सामायिक फायली ठेवायची तयार पेटी घ्यावी असं वन्संचं म्हणणं होतं. किंमत ऐकून त्यांनीच विषय बदलला. मग कोपऱ्यात पडलेल्या जुन्या डेस्कटॉपमध्ये नवीन एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क घातली आणि त्यावर युनोहोस्ट चढवलं. डेबियन या लिनक्स प्रणालीवर बांधलेली, स्वतःचा सर्व्हर स्वतः चालवणाऱ्यांसाठीची ही व्यवस्था. सुरुवात फ्रान्समध्ये 2012 च्या सुमारास झाली, आजही स्वयंसेवक चालवतात, पैसे पडत नाहीत. 512 एमबी रॅम आणि 16 जीबी जागेत चालतं म्हणतात; आमच्या मशीनला 8 जीबी रॅम आहे आणि ते अजून कधी कुरकुरलेलं नाही. मी सध्या 12 वी आवृत्ती वापरते. बसवण्याबद्दल फार लिहीत नाही. भाच्याने एका रविवारी बसवून दिलं, जेवायच्या आत झालं. त्यात निम्मा वेळ राउटरचे पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायच्या वाटा, उघडण्यात गेला.

मला लिहायचंय ते गटांबद्दल आणि परवानग्यांबद्दल, कारण मी हे त्यासाठीच घेतलं.

पहिल्या दिवसापासून तीन गट तयार मिळतात: विजिटर्स, ऑल युजर्स आणि ॲडमिन्स. विजिटर्स म्हणजे लॉगिन न केलेलं कुणीही, रस्त्यावरून जाणारा माणूस धरा. ऑल युजर्समध्ये खातं उघडलं की माणूस आपोआप जातो. ॲडमिन्स म्हणजे ज्यांच्या हातात कारभार. पूर्वी ॲडमिनचा एकच पासवर्ड असायचा आणि तो दोघांत वाटून घ्यावा लागायचा, 11.1 पासून ॲडमिन्स गटातला प्रत्येकजण आपल्याच नावाने आत येतो. वन्संचा पासवर्ड मला माहीत नाही आणि माझा त्यांना. घरात जे जमलं नाही ते ऑफिसात जमलं.

यापुढे आपले गट आपण काढायचे. मी काढले भागीदार, हिशेब आणि शिकाऊ. नावं रोमन लिपीत, बारीक अक्षरांत लिहावी लागतात, मराठी नाव घेत नाही. प्रत्येक गटाचा पडद्यावर एक कप्पा असतो. तो उघडला की वर माणसं, खाली ॲप्स. अधिकच्या खुणेवर टिचकी मारून माणूस आत घ्यायचा, फुलीवर मारून बाहेर काढायचा. फायली ठेवायचं नेक्स्टक्लाउड तिन्ही गटांना. कामांचा फळा म्हणून कॅनबोर्ड, तो हिशेब आणि शिकाऊ या दोघांना. वर्डप्रेसवर आमची चार पानी वेबसाइट आहे. त्याची मुख्य परवानगी विजिटर्सना, म्हणजे जगाला खुली, आणि ॲडमिनची वेगळी परवानगी फक्त मला. एकाच ॲपचं पुढचं दार आणि मागचं दार वेगवेगळ्या लोकांना देता येतं, हे मला सगळ्यात आवडलं. एखाद्याच माणसाला एखादीच गोष्ट द्यायची असेल तर गट काढायची गरज नाही. त्याच पानावर तळाशी व्यक्तीपुरत्या परवानग्यांचा भाग आहे.

माणूस लॉगिन करतो तेव्हा त्याला फक्त त्याच्या वाट्याच्या ॲप्सचे चौकोन दिसतात. काकांना दोनच: नेक्स्टक्लाउड आणि आवक-जावक नोंदवायची विकी, म्हणजे सगळ्यांनी मिळून लिहायची पानं. काका खूश. ‘‘पूर्वी त्या फोल्डरात शिरलो की बाजारात हरवल्यासारखं व्हायचं,’’ म्हणाले. ज्या ॲप्सचा या लॉगिनशी मेळ आहे त्यांत पुन्हा पासवर्ड टाकावा लागत नाही. सगळ्यांचा मात्र तसा मेळ नाही. व्हॉल्टवॉर्डन ही पासवर्डची तिजोरी, तिच्यात आम्ही पार्ट्यांचे पासवर्ड ठेवतो. तिथे प्रत्येकाचं खातं वेगळं, मास्टर पासवर्ड वेगळा, आणि कुणाला कुठला पासवर्ड दिसावा हे आत जाऊन परत ठरवावं लागतं. नेक्स्टक्लाउडचंही तसंच. युनोहोस्ट सांगणार की हा मुलगा आत येऊ शकतो. आत आल्यावर कुठलं फोल्डर उघडायचं ते नेक्स्टक्लाउड बघणार. हाउसिंग सोसायटीचा वॉचमन गेटपाशी अडवतो, तुमच्या फ्लॅटचं कुलूप तुम्हीच लावायचं, तसं. हे मला कळायला महिना लागला.

आणि कळलं ते असं. काकांची विकी डोकुविकी या ॲपवर आहे, भागीदारांसाठी मी त्याचीच दुसरी प्रत बसवली. एकाच ॲपच्या दोन-दोन प्रती चालतात, ही मोठी सोय. त्यात पगारपत्रक आणि कुणाकडून किती फी घ्यायची त्याचे दर. बसवताना ‘प्रवेश कुणाला’ असं विचारतं, तिथे मी ऑल युजर्स ठेवलं. म्हटलं, नंतर गटाचं बघू. नंतर गटांच्या पानावर गेले आणि भागीदारांच्या कप्प्यात ही विकी घातली. त्याबरोबर इंग्रजीत एक सूचना आली. तिचा मथितार्थ असा, की ही परवानगी इतर गटांसोबत सगळ्या युजर्सनाही आहे, तुम्हाला बहुधा ऑल युजर्स काढायचं असेल किंवा बाकीचे गट तरी. मला वाटलं, झालं काम, शाबासकी देतंय. बंद केली.

तिसऱ्या दिवशी शिकाऊ मुलांपैकी एक चहाचा कप घेऊन माझ्या टेबलापाशी उभा राहिला.

‘‘मॅडम, एक विचारू का? माझ्या नावापुढे जूनचे सहाच दिवस कसे धरलेत?’’

मी आधी म्हटलं बघते. मग डोक्यात प्रकाश पडला की हा जूनचे दिवस बघतोय कुठे. त्याच्या पडद्यावर तो चौकोन दोन दिवस दिमाखात झळकत होता. नशीब, फीच्या दरांचं पान मी अजून भरलं नव्हतं.

दोष सॉफ्टवेअरचा म्हणवत नाही. इथे परवानग्यांची बेरीज होते, वजाबाकी आपण करायची. नवा गट जोडला म्हणून जुना निघत नाही. त्याने मला सांगितलंही होतं, मी वाचलं नाही. वर घाईत आणखी एक चूक केली. सेटिंगमध्ये चौकोन लपवायची सोय आहे, ती वापरून मोकळी झाले. चौकोन गेला, पण पत्ता माहीत असेल तर पान उघडत होतं. भाच्याला फोन केला तर तो हसला, ‘‘मावशी, पाटी काढलीस, दार उघडंच आहे.’’ ऑल युजर्सच्या पुढची फुली दाबली तेव्हा कुठे मिटलं. आता नवीन ॲप बसवताना मी प्रवेश आधी ॲडमिन्सपुरताच ठेवते आणि मग एकेक गट वाढवते.

खटकणाऱ्या गोष्टी दोन. गटात गट घालता येत नाही. हिशेबवाल्यांना जे आहे ते सगळं भागीदारांनाही हवं, तर दोन्हीकडे वेगवेगळ्या टिचक्या मारत बसा. दुसरी जास्त खुपते: मुदतीची परवानगी नाही. जुलैत विवरणपत्रांसाठी महिनाभराला येणाऱ्या पोरांना 31 तारखेपर्यंतच प्रवेश द्यावा आणि पुढे आपोआप बंद व्हावा, असं काही पानावर सापडत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी तांबड्या पेनाने गोल करून ठेवते.

मुलगा कायमचा गेला की मात्र काम सोपं. खातं काढलं की सगळ्या गटांतून, सगळ्या दारांतून एकदम बाहेर. काढताना त्याची होम डिरेक्टरी, म्हणजे त्याच्या फायलींची जागा, आणि मेलही पुसायचा का म्हणून एक चौकट येते. तिच्यात मी कधी टिक करत नाही, आधी कुणीतरी फायली चाळून बघतं. नेक्स्टक्लाउडमधल्या फायली तशाही नेक्स्टक्लाउडच्या ताब्यात असतात, त्यांचं वेगळं बघावं लागतं. प्रिंटरवरची चिकटपट्टी काढली, तिचा चौकोनी डाग तेवढा राहिलाय.

मेल आम्ही यावर ठेवला नाही. तो उद्योग वेगळा आणि माझ्या आवाक्यातला नाही. बॅकअप दर शनिवारी बाहेरच्या डिस्कवर घेतो.

पाच ते पंधरा माणसांचं ऑफिस असेल आणि नात्यात एखादा भाचा असेल तर जरूर घ्या. भाचा नसेल तर महिनाभर संध्याकाळी बसायची तयारी ठेवा. पाचपैकी चार तारे. अर्धा मुदतीसाठी कापला, अर्धा गटात गट नाही म्हणून.

त्या मुलाचं म्हणाल तर हजेरीचं रजिस्टर काढून बघितलं. दिवस आठच भरत होते. दोन दिवसांचे पैसे त्याच संध्याकाळी दिले.