इमॅजिका की वंडरला? गोव्याहून जाताना

दिवाळीच्या सुट्टीत मुलांना कुठे न्यायचं, यावर आमच्या फोंड्याच्या घरात दोन तट पडलेत. दोन्ही मनोरंजन पार्कच; पण खोपोलीचं इमॅजिका की बंगळूरूजवळचं वंडरला?

पोचायला इमॅजिका सोपं. मडगावला संध्याकाळी कोकणकन्येत बसायचं, पहाटे पनवेल, पुढे टॅक्सी. बिडदीच्या वंडरलाला जायचं तर वास्को-यशवंतपूर गाडी, मग मेट्रो बदलत चल्लघट्टा, तिथून पुन्हा बस. सोबत सासूबाई असतील तर नकोच.

पण आत शिरल्यावर पारडं फिरतं. वंडरलाला कोरड्या आणि पाण्यातल्या राइड्स एकाच तिकिटात. इमॅजिकात वॉटर पार्कचं तिकीट वेगळं, म्हणजे दोन दिवस धरूनच चालायचं. राहायची सोय दोन्हीकडे लागूनच: इमॅजिकाशेजारी मोठं हॉटेल, तर वंडरलाचं स्वतःचं रिसॉर्ट, २०१२ पासूनचं. धाकटा दुपारी ओल्या चड्डीत कुडकुडत 'घरी जाऊया' म्हणून रडायला लागतो, तेव्हा खोली जवळ असणं म्हणजे काय, ते आईलाच विचारा.

जेवणाचं म्हणाल, तर शीत-कडीची, म्हणजे आमच्या गोव्याच्या भात-कालवणाची, आस कुठेच धरू नये.

सासूबाईंनी कौल इमॅजिकाला दिलाय. कोकणकन्येत खालचे बर्थ मिळतायत का, बघते.