लाइनमनचे सेफ्टी शूज: ‘१८ केव्ही’ म्हणजे नेमकं काय?

ठाण्याची वागळे इस्टेट असो की नवी मुंबईतलं तुर्भे-रबाळे, सेफ्टीच्या दुकानात ‘इलेक्ट्रिकलसाठी द्या’ म्हटलं की बहुतेकदा स्टील टो (पुढचं पोलादी टोपण) आणि पीयू (पॉलियुरेथेन) सोलचा काळा जोड पुढे येतो. कारखान्यात तो छान चालतो, बोटांवर २०० जूलचा मार झेलतो. लाइनमनने मात्र आधी आतलं लेबल वाचावं.

आयएस १५२९८ भाग २ (सेफ्टी शूजचं भारतीय मानक) च्या जोडावर एस१ किंवा एस३ हा वर्ग छापलेला असेल, तर तो अँटिस्टॅटिक आहे. अंगावरचा स्थिर विद्युतभार जमिनीत उतरावा म्हणून त्याचा रोध मुद्दाम १ लाख ते १०० कोटी ओहमच्या मध्ये ठेवलेला असतो. ‘एस३ सगळ्यात भारी, म्हणजे शॉकलाही भारी’ हा हिशोब इथे साफ चुकतो. लाइनच्या कामाला ‘ईएच’ (इलेक्ट्रिकल हॅझर्ड, म्हणजे शॉकपासून बचावाची) खूण बघा.

हा ईएच बूटच दुकानात ‘१८ केव्हीचा बूट’ (केव्ही म्हणजे हजार व्होल्ट) म्हणून विकला जातो आणि घोटाळा तिथेच होतो. एएसटीएम एफ२४१३ या अमेरिकी मानकाच्या चाचणीत कोरड्या बुटावर १८,००० व्होल्ट एक मिनिट देतात. गळती १ मिलिअँपिअरच्या आत राहिली की बूट पास. ११ किंवा २२ केव्हीच्या लाइनला भिडायचा हा परवाना नाही. बूट भिजला किंवा सोलमध्ये तारेचा तुकडा रुतला की त्या आकड्याला अर्थ उरत नाही. परमिट (कामाची लेखी परवानगी), लाइन बंद, डिस्चार्ज रॉड (लाइनमध्ये उरलेला भार जमिनीत उतरवणारी काठी), अर्थिंग, हातमोजे हे सगळं आधी. बुटाचा नंबर त्यानंतर. पावसाळ्यात पिलरपाशी (रस्त्याकडेच्या वीजपेटीपाशी) पाणी साचलं असेल तर चामड्याचा बूट नकोच. तिथे दोन त्रिकोणांची खूण असलेले क्लास ० चे डायइलेक्ट्रिक (वीजरोधक) गमबूट हवेत, १,००० व्होल्ट एसीपर्यंतचे. साधे गमबूट त्यांच्या जागी चालत नाहीत.

टो फायबरचा, मिडसोल (सोलमधला मधला थर) कापडी, नाडीच्या कड्या प्लास्टिकच्या आणि सोल नायट्राइल रबरचा घ्या. पीयू हलका आणि स्वस्त, पण दमट हवेत आतून कुजतो. गोदामात पडून राहिलेल्या जोडाचा सोल चार दिवसांत चुरा होऊन सुटतो. उत्पादनाचा महिना बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. नायट्राइल जड आणि महाग आहे, तरी आपल्या खाडीकाठच्या हवेत आमची पसंती त्यालाच.

माप संध्याकाळी, पाय फुगलेले असताना, कामावरचेच मोजे घालून घ्या. अंगठ्यापुढे साधारण एक सेंटिमीटर जागा हवी. चालताना टाच आत उचलली जाता कामा नये. मग पायरीच्या कडेवर तळव्याच्या मध्यावर उभं राहा. कड टोचली तर शँक (तळव्याखालची कडक पट्टी) नरम आहे, शिडीवर तळवा भरून येईल. सपाट तळाचा बूटही नको. टाचेपुढची खाच पायरीवर पाय अडवून धरते. काही ठेकेदार ८ आणि ९ नंबर गठ्ठ्याने आणतात आणि ७ वाल्याला कागद कोंबायला सांगतात. शिडीवर चढणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे अजिबात चालणार नाही.

जुलैत दोन जोड आलटून पालटून वापरा. ओला बूट वर्तमानपत्र भरून सावलीत वाळवा. सोलची नक्षी झिजली की बूट बदला. चांभाराकडून खिळे मारून नवा तळ लावून घेऊ नका. खिळा आरपार गेला तर वीज थेट पायाशी पोचते.