मालवण, अंदमान, लक्षद्वीप की मालदीव? मुलांना घेऊन स्नॉर्केलिंगला जाण्याआधी

स्नॉर्केलिंग म्हणजे डोळ्यांवर मास्क लावून, तोंडातल्या नळीने श्वास घेत, पाण्यावर तरंगत खालचं बघणं. जागा ठरवण्याआधी घरातलं सगळ्यात कच्चं पोहणारं माणूस डोळ्यांसमोर आणा. सहल त्याच्या हिशेबाने ठरवा. जाहिरातींतले फोटो सगळीकडे सारखेच निळे असतात. खरा फरक तीन गोष्टींत असतो: पाण्यात किनाऱ्यावरून चालत उतरायचं की होडीतून, पायाखाली खोली किती, आणि पाणी कोणत्या दिशेला किती ओढतं. मासे आणि प्रवाळ चौथ्या क्रमांकावर. पहिल्या तीन गोष्टी जमल्या नाहीत तर चौथी बघायचं भान कुणालाच राहत नाही.

मालवण: रंगीत तालमीसाठी उत्तम

पुण्याहून कोल्हापूरमार्गे घाट उतरून साधारण पावणेचारशे किलोमीटर. रात्रीची बस आहे, कोकण रेल्वेचं कुडाळ स्टेशन जवळ आहे, परवाना लागत नाही. जोडून आलेल्या सुट्टीत उरकणारी चौघांमधली ही एकच जागा. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर स्नॉर्केलिंग चालतं. हा भाग १९८७ साली जाहीर झालेल्या मालवण सागरी अभयारण्याचा आहे.

इथे काय दिसणार नाही, हे आधी समजून घ्या. मालवणला आहेत ते खडक आणि त्यांवर मधूनमधून वाढलेली प्रवाळं. अंदमानसारखी पसरलेली बाग नाही. नद्या-खाड्यांचा गाळ समुद्रात येतो, त्यामुळे चांगल्या दिवशीही साधारण तीन ते पाच मीटरपर्यंतच स्पष्ट दिसतं. वारा फिरला की तेही जातं. पट्टेवाल्या माशांचे थवे मात्र हमखास भेटतात, आणि मुलांना पहिल्यांदा तेवढं पुरतं.

इथे वेळ साधणं फार महत्त्वाचं. कोकणात भरतीची वेळ काढायचा जुना आडाखा आहे, तिथीची पाऊणपट. एकादशीची पाऊणपट सव्वाआठ, द्वादशीची नऊ. म्हणजे या दोन तिथींना भरती सकाळी सव्वाआठ ते नऊच्या सुमारास भरते. शिवाय अष्टमीचा भांग, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी असण्याचा काळ, नुकताच सरलेला असतो, त्यामुळे पाणी फार खेचत नाही आणि गाळ कमी ढवळतो. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात याच जागी हिरवट धुकं दिसतं. तारीख ठरवताना भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघा आणि होडीवाल्याकडून वेळेची खातरजमा करून घ्या. आडाखा अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. पावसाळ्यात सगळं बंद असतं, आणि मेच्या उत्तरार्धात समुद्र फुगायला लागतो.

मासे जवळ यावेत म्हणून पाण्यात पाव किंवा बिस्किटं टाकायची पद्धत काही होड्यांवर आहे. त्याला नको म्हणा. खडकावरचं शेवाळ खाणारे मासे पावाला सोकावले की शेवाळ माजतं आणि प्रवाळाची जागा खातं.

कर्नाटकातल्या मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी बेटही पुण्याहून जाणाऱ्यांच्या यादीत असतं. पण तिथे उघड्या समुद्रातून दीड-एक तासाचा होडीप्रवास आहे आणि खोल पाण्यात उतरावं लागतं. ती स्कुबा करणाऱ्यांची, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन खोल बुडी मारणाऱ्यांची जागा. लहान मुलं बरोबर असतील तर सोडून द्या.

अंदमान: सगळ्यांना झेपेल असं

एक विमान बदलून पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचं श्री विजयपुरम. तिथून स्वराज द्वीपला, म्हणजे जुन्या हॅवलॉकला, खासगी फेरीने दीड-दोन तास. सरकारी बोट स्वस्त आणि हळू. भारतीयांना या बेटांसाठी वेगळी परवानगी लागत नाही. पाच-सहा रात्री काढता येत असतील तरच जा, कारण वाऱ्यामुळे एखादा दिवस बुडू शकतो आणि त्याला हाताशी मोकळा दिवस लागतो.

एलिफंट बीच ही इथली नेहमीची जागा. रस्ता थेट पोचत नाही. धक्क्यावरून होडीने जायचं किंवा जंगलातून चालत. प्रवाळ किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर सुरू होतात, म्हणून न पोहणाऱ्यांनाही जमतं: अंगात लाइफ जॅकेट, हातात रबरी रिंग, आणि गाइड ती रिंग ओढत नेतो. अडचण गर्दीची आहे. तिकिटातली स्नॉर्केलिंगची फेरी अगदी छोटी असते, आणि दुपारपर्यंत जेट-स्कींनी पाणी घुसळून निघतं. सकाळची पहिली होडी पकडा आणि लांबच्या फेरीचे जादा पैसे मोजा. या खर्चात हात आखडू नका.

शहीद द्वीपवरचा, म्हणजे नीलवरचा, भरतपूर किनारा लहान मुलांसाठी आम्हाला एलिफंट बीचपेक्षा उजवा वाटतो. पाणी उथळ, तळ वाळूचा, चालत उतरता येतं. मात्र ओहोटीला प्रवाळ उघडे पडतात. तेव्हा उतरलात तर गुडघे सोलवटतील आणि प्रवाळ मोडतील. भरतीच्या आधीचा एक तास ते नंतरचा एक तास, एवढाच वेळ धरा. इथे पाऊणपटीचा आडाखा वापरू नका, पोर्ट ब्लेअरचा भरती-ओहोटीचा तक्ता बघा. पाण्यात न उतरणाऱ्या आजी-आजोबांसाठी त्याच बेटावर नैसर्गिक दगडी कमानीजवळ ओहोटीत उरलेली डबकी आहेत. गाइडबरोबर खडकांवरून सावकाश गेलं की कोरड्या डोळ्यांनी प्रवाळ आणि समुद्रकाकड्या दिसतात. सपाट तळव्याच्या चपला नकोत, पाय घसरतो.

पोर्ट ब्लेअरसमोरचा नॉर्थ बे जुन्या लालसर वीस रुपयांच्या नोटेवर आहे. काचेच्या तळाची होडी हवी असेल तर ठीक, स्नॉर्केलिंगसाठी मुद्दाम जाऊ नका. वांडूरच्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानातल्या जॉली बॉय बेटावर पाणी नितळ आहे, पण परवाना आधी काढावा लागतो आणि प्लास्टिकला सक्त मनाई आहे. या उद्यानात जॉली बॉय आणि रेड स्किन ही बेटं वर्षाच्या वेगवेगळ्या भागांत उघडतात, तेव्हा आपल्या तारखांना कोणतं चालू आहे ते विचारून घ्या.

अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. फलक लावलेल्या किनाऱ्यावर, खाडीच्या तोंडाशी आणि अंधार पडताना पाण्यात जायचं नाही. सूर्य थंडीत पाचच्या सुमारालाच मावळतो, म्हणून पुण्याच्या सवयीने दुपारी चारला निघायचा बेत आखू नका.

लक्षद्वीप: पाणी सर्वोत्तम, वाट सगळ्यात अवघड

बेट आणि बाहेरचा समुद्र यांच्यामध्ये प्रवाळांची भिंत, आणि भिंतीच्या आत शांत, उथळ लगून. कदमत, बंगाराम, अगत्ती, कवरत्ती इथे कंबरभर ते डोक्याएवढ्या पाण्यात, पांढऱ्या वाळूवर, लाटा जवळजवळ नसताना शिकता येतं. घाबरणाऱ्या माणसासाठी यासारखी जागा भारतात दुसरी नाही.

अडतं ते पोचण्यात. बाहेरच्या प्रत्येकाला, लहान मुलांनाही, प्रवेश परवाना लागतो. विमान कोचीहून अगत्तीपर्यंत, आणि तेही लहान. सामानाची मर्यादा कमी, तेव्हा प्रत्येकाचे लांब फिन्स (पोहताना पायात घालायचे पंखे) नेता येतीलच असं नाही. जहाज कोचीहून साधारण १४ ते १८ तास घेतं आणि बऱ्याच बेटांवर लगूनच्या बाहेरच थांबतं. हलत्या जहाजातून छोट्या होडीत उतरावं लागतं. गुडघेदुखीच्या माणसाला हे झेपेल का, याचा विचार आधी करा. परवाना हातात पडल्याशिवाय परत न मिळणारी विमान तिकिटं काढू नका.

१९९८, २०१०, २०१६ आणि पुन्हा २०२४ मध्ये समुद्र तापल्यामुळे इथल्या प्रवाळांना मोठा फटका बसला. २०१० मध्ये अंदमानातही तेच झालं. प्रवाळाच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं, तेच त्याला रंग आणि बहुतेक अन्न पुरवतं. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंशभर जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं की हे शैवाल बाहेर पडतं आणि प्रवाळ पांढरं होतं. म्हणून पाण्यात बघताना हे लक्षात ठेवा: तपकिरी, शेवाळी, मातकट रंगाची फांदी बहुधा निरोगी असते. चमकदार पांढरी फांदी उपाशी आहे, पण अजून जिवंत असू शकते. फांदीवर लोकरीसारखा हिरवट थर चढला असेल तर ती मेलेली. मुलांना हा फरक आधी सांगितला तर ती पाण्याखाली नुसते मासे मोजत बसणार नाहीत.

मालदीव

भारतीयांना पोचल्यावर ३० दिवसांचा व्हिसा मोफत मिळतो. प्रवासाआधीच्या ९६ तासांत ऑनलाइन फॉर्म भरायचा. बुकिंग करताना बघायचं ते एकच: किनाऱ्यावरून पोहत जाता येईल असा स्वतःचा रीफ, म्हणजे प्रवाळांचा पट्टा, त्या बेटाला आहे का. अनेक महागड्या रिसॉर्टभोवती नुसती वाळू असते आणि प्रत्येक वेळी पैसे भरून होडीने जावं लागतं. स्थानिक बेटांवरची गेस्ट हाऊस खूप स्वस्त पडतात. रीफची कड एकदम खोल जाते आणि बेटांमधल्या वाटांतून प्रवाह जोरात वाहतो, म्हणून न पोहणाऱ्यांसाठी कडेपलीकडचं पाणी वर्ज्य समजा. दूरच्या बेटांवर नेणारी सीप्लेन, म्हणजे पाण्यावर उतरणारी विमानं, अंधारात उडत नाहीत. त्यांनीच पुढे जायचं असेल आणि माले विमानतळावर संध्याकाळी उतरलात तर रात्र तिथेच जाते.

पुण्याच्या सुट्ट्यांशी ताळमेळ

दिवाळीत अंदमानला पाऊस आणि वादळाची धास्ती असते, कारण बंगालच्या उपसागरात तो वादळांचाच काळ. दिवाळीतच जायचं असेल तर मालवण किंवा लक्षद्वीप. नाताळात चारही जागा चालतात. प्रश्न गर्दीचा आणि भाड्याचा. अंदमानला पाण्याचे सर्वोत्तम दिवस जानेवारी ते एप्रिल, म्हणून परीक्षा संपल्यावर एप्रिलमध्येच निघा, मेची वाट बघू नका. लक्षद्वीपचा हंगामही मेच्या मध्याला आटोपतो.

मास्क स्वतःचा घ्या, बाकी भाड्याने चालेल

भाड्याच्या मास्कची रबरी कड कडक झालेली असते आणि तो कुणाच्याच चेहऱ्यावर नीट बसत नाही. दुकानात पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलका श्वास आत घ्या, हात सोडा. पाच सेकंद मास्क न पडता टिकला तर माप बरोबर. कडेखाली केसांची एक बट आली तरी पाणी शिरतं; मिशी असेल तर नाकाखालची वरची ओळ थोडी कातरावी लागते. पट्टा करकचून आवळल्याने गळती थांबत नाही, उलट कड मुडपते आणि वाढते. चष्मा मास्कमध्ये बसत नाही. नंबर असेल तर नंबरच्या काचांचा मास्क मिळतो, आणि पाण्यात वस्तू जवळ व मोठ्या दिसत असल्याने थोडा कमी नंबरही पुरतो. नव्या काचेवर कारखान्यातला पातळ थर असतो, त्यामुळे ती सतत धूसर होते. साधी पांढरी टूथपेस्ट आतून बोटाने चोळून दोन-तीनदा धुवा. पाण्यात उतरण्याआधी बेबी शॅम्पूचा थेंब फिरवून हलकं विसळा.

पूर्ण चेहरा झाकणारे मास्क मुलांसाठी घेऊ नका. सोडलेला श्वास आतल्या मोठ्या पोकळीत साठून पुन्हा आत जाऊ शकतो, आणि घाबरलेल्या मुलाला तो झटकन काढता येत नाही. साध्या मास्कमध्ये नळी तोंडातून थुंकली की मोकळं. मुलांची नळी आखूड आणि अरुंद हवी. मोठ्यांच्या लांब नळीत लहान छातीचा अर्धा श्वास तिथल्या तिथेच फिरतो.

सहलीआधी पुण्यातल्या टिळक तलावात किंवा घराजवळच्या एखाद्या जलतरण तलावात तीन-चार वेळा सराव करा. नळी चालेल का ते आधी विचारा, गर्दीच्या बॅचमध्ये बहुधा परवानगी मिळत नाही. छातीभर पाण्यात उभं राहून आधी फक्त मास्क लावून चेहरा बुडवायचा. मग नळी तोंडात धरून मिनिटभर संथ श्वास. मग मुद्दाम नळीत पाणी घेऊन 'थू' करून एका झटक्यात बाहेर फेकायचं. शेवटी मास्कमध्ये थोडं पाणी शिरू द्यायचं, वरची कड कपाळावर दाबायची, मान थोडी वर करायची आणि नाकाने फुंकर मारायची. समुद्रात गोंधळ होतो तो बहुतेक वेळा इथेच: नळीत घोटभर पाणी आलं की माणूस श्वास आत ओढतो, ठसकतो आणि उभं राहायला पाय खाली टाकतो. खाली प्रवाळ असतं. ते मोडतं, पायही कापतो, आणि ही जखम चिघळायला फार वेळ लागत नाही. लगेच स्वच्छ पाण्याने घासून धुवा.

मोठ्या दगडासारखं वाढणारं प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतं. टाचेखाली मोडलेला तुकडा मुलाच्या शाळेच्या वर्षांत भरून येत नाही. मेलेला तुकडाही उचलायचा नाही. कठीण प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि पोर्ट ब्लेअरच्या विमानतळावर बॅगेत सापडले तर प्रकरण गंभीर होतं. सनस्क्रीनपेक्षा पूर्ण बाह्यांचा स्विमिंग टी-शर्ट आणि लांब लेगिंग बरे. गुडघ्यामागची कातडी सगळ्यात आधी भाजते. उघड्या भागाला झिंक ऑक्साइडचं लावा. ऑक्सिबेन्झोन असलेली सनस्क्रीन प्रवाळाला घातक म्हणून हवाईत २०२१ पासून विकायलाही बंदी आहे. कोमट पाण्यातही लहान मुलं अर्ध्या-पाऊण तासात गारठतात. ओठ निळसर दिसले की बाहेर काढा, 'अजून पाच मिनिटं' ऐकू नका.

आमचा कौल

सात-आठ वर्षांचं मूल आणि न पोहणारे आई-वडील: सहा महिने आधी तयारीला लागू शकत असाल तर लक्षद्वीप, नाहीतर अंदमान आणि त्यात नीलला दोन रात्री. आजी-आजोबा बरोबर असतील तर अंदमानच. मूल पाण्याला कितपत सरावेल हे माहीत नसेल तर मोठा खर्च करण्याआधी मालवणचा एक जोडून सुट्टीचा दौरा. सगळे नीट पोहणारे असतील तर मालदीवचं रीफवालं स्थानिक बेट. कुणाला हृदयविकार, दमा किंवा फिट्सचा त्रास असेल तर जागा कोणतीही असो, डॉक्टरांना विचारूनच. सहलीत स्कुबाही करणार असाल तर मूल किमान दहा वर्षांचं हवं, आणि परतीच्या विमानाआधी एका डाइव्हनंतर १२ तास, एकापेक्षा जास्त डाइव्हनंतर १८ तास मोकळे ठेवा. नुसत्या स्नॉर्केलिंगला ही अट नाही.

आगाऊ पैसे देण्याआधी फोनवर विचारा: एका गाइडमागे किती माणसं, पाण्यात प्रत्यक्ष किती मिनिटं, मुलांच्या मापाचं जॅकेट आहे का आणि त्याला मांड्यांमधून जाणारा पट्टा आहे का. तो पट्टा नसेल तर जॅकेट पाण्यात कानापर्यंत वर सरकतं आणि मुलाला चेहरा खाली घालताच येत नाही. एका गाइडमागे चारपेक्षा जास्त न पोहणारे असतील तर दुसरा होडीवाला बघा.