ब्लेडवर लिनक्स, बूटसाठी रेड-१ : दिवाळी ते आखाजी

जळगावच्या एमआयडीसीत आमचं छोटं ऑफिस आहे. रावेर-सावद्याकडचे केळी व्यापारी आणि इथले डाळ मिलवाले यांचं बिलिंग आमच्या सर्व्हरवर चालतं. केळीच्या गाड्या रात्री निघतात आणि बिल तेव्हाच लागतं. सर्व्हर बसला तर गाडी काट्यावर उभी राहते, माल पिकतो, व्यापाऱ्याचं नुकसान होतं. म्हणून दिवाळीनंतर वापरलेलं ब्लेड चेसिस (अनेक सपाट सर्व्हर, म्हणजे ब्लेड, बसवायचा एकच सांगाडा) घेतलं तेव्हा पहिलं लक्ष बूट डिस्कवर, म्हणजे मशीन जिच्यावरून सुरू होतं तिच्यावर, दिलं. ब्लेडला पुढून दोनच डिस्क बसतात. दोन्हीत ४८० जीबीच्या एसएसडी, वर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार), आणि त्याच जोडीवर रेड-१, म्हणजे दोन्ही डिस्कवर तोच डेटा.

ब्लेडवर रेड कंट्रोलर, म्हणजे ही नक्कल स्वतःच सांभाळणारं कार्ड, होता. त्यावर मिरर लावला असता तर काम अर्ध्या तासात आटोपलं असतं, कारण लिनक्सला एकच डिस्क दिसते आणि बूटची काही कटकट राहत नाही. तरी मी कंट्रोलर एचबीए मोडला टाकून (म्हणजे डिस्क लिनक्सला थेट दिसतात) एमडीएडीएम घेतलं, म्हणजे लिनक्सच्याच 'एमडी' या सॉफ्टवेअर रेडचं साधन. जुन्या ब्लेडचं कार्ड गेलं तर तसंच कार्ड जळगावात मिळत नाही, पुण्या-मुंबईहून मागवावं लागतं. एमडीची डिस्क कुठल्याही लिनक्स मशीनला लावली तरी उघडते. हा निर्णय आजही मला बरोबर वाटतो.

रूट, म्हणजे मुख्य सिस्टम, रेडवर घेणं इन्स्टॉलरमध्ये सोपं आहे. खरा त्रास ईएफआयचा, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या फर्मवेअरच्या पद्धतीचा. फर्मवेअरला एमडी कळत नाही, त्याला साधं फॅट फॉरमॅटचं पार्टिशन (डिस्कचा एक भाग) लागतं, आणि इन्स्टॉलरने बूटची फाइल एकाच डिस्कवर टाकली. हे मला कळलं ते चाचणीत. कामाला लावण्याआधी मी चालू मशीनमधून पहिली डिस्क ओढली. डेटाबेसला काही झालं नाही, एमडीस्टॅटमध्ये, म्हणजे रेडची स्थिती दाखवणाऱ्या फाइलमध्ये, दोनऐवजी एकच 'यू' (चालू डिस्कची खूण) दिसू लागला. मग रीबूट केलं, तर कन्सोलवर बूट डिव्हाइस सापडत नसल्याचा संदेश. डेटा दुसऱ्या डिस्कवर धडधाकट होता, पण तिथवर पोचायला दारच नव्हतं.

यावर काही जण ईएफआय पार्टिशनचंही रेड-१ करतात, मेटाडेटा १.० घेऊन. १.० मध्ये एमडीची माहिती पार्टिशनच्या शेवटी असते, म्हणून फर्मवेअरला सुरुवातीला नेहमीचं फॅट दिसतं. १.२ ही माहिती सुरुवातीजवळ ठेवतं, म्हणून ते इथे चालत नाही. मी तो मार्ग घेतला नाही. फर्मवेअरने त्यात स्वतः काही लिहिलं तर ते एकाच डिस्कवर जातं आणि एमडीला पत्ता लागत नाही. त्यापेक्षा दोन्ही डिस्कवर ५१२ एमबीची वेगवेगळी पार्टिशन ठेवली, ग्रब (लिनक्स सुरू करणारा प्रोग्राम) अपडेट झाला की आरसिंक या साधनाने नक्कल, आणि ईएफआयबूटएमजीआरने फर्मवेअरच्या बूट यादीत दोघांच्या दोन नोंदी. आमच्या ब्लेडचं फर्मवेअर काढलेल्या डिस्कची नोंद पुसून टाकायचं, म्हणून ग्रबची एक प्रत बूटएक्स६४ या नावाने फॉलबॅकच्या जागीही (नोंद नसली तर फर्मवेअर जिथे बघतं तिथे) ठेवली.

दुसऱ्या चाचणीत ग्रब आला, कर्नल आलं आणि मशीन इमर्जन्सी मोडमध्ये अडकलं. एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कुठली पार्टिशन जोडायची त्या यादीत) काढलेल्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनचा यूयूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, होता. सिस्टमडी (लिनक्समधल्या सेवा सुरू करणारं) दीड मिनिट त्याची वाट बघून थांबलं. त्या ओळीत 'नोफेल' घातलं, म्हणजे ते पार्टिशन नसलं तरी मशीन पुढे जातं. तिसऱ्या वेळी ब्लेड एका डिस्कवर पूर्ण उठला. मग पहिली डिस्क परत लावून रिबिल्ड होऊ दिलं आणि दुसरी डिस्क काढून तीच चाचणी घेतली. या दोन दिवसांत ऑफिसचं बाकी काम मागे पडलं, पण त्याची मला अजिबात खंत नाही.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या रात्री एमडीएडीएमची मेल आली : फेल इव्हेंट. पहिली डिस्क गेली होती. (मेल येते ना, हे एमडीएडीएमच्या मॉनिटर मोडमधल्या टेस्ट पर्यायाने आधी तपासून घ्या. नाहीतर ती सर्व्हरवरच्याच रूटच्या मेलबॉक्समध्ये पडून राहते.) त्याच रात्री लाइट गेली, यूपीएस संपला, ब्लेड बंद पडला. मी घरी होतो, मोबाइल हातात धरून. तासाभराने ऑपरेटरचा फोन आला. पोरगा अमळनेरचा. अहिराणीत म्हणाला, "भाऊ, लाइट उनी, सर्व्हर बी चालू व्हयना." (लाइट आली, सर्व्हरही चालू झाला.) एकट्या दुसऱ्या डिस्कवर तो आपोआप उठला होता.

सणाच्या दुसऱ्या दिवशी डिस्क बदलली. ट्रेवर सिरीयल नंबरचे शेवटचे चार अंक आधीच चिकटवले होते, कारण लिनक्सने डिस्कना दिलेली एसडीए-एसडीबी ही नावं रीबूटनंतर बदलू शकतात आणि चुकून चांगली डिस्क ओढली तर सगळंच गेलं. एसजीडिस्क या साधनाने पार्टिशन टेबल (डिस्कच्या भागांचा नकाशा) नव्या डिस्कवर उतरवताना 'आर' पर्यायापुढे आधी नव्या डिस्कचं नाव येतं, मग जुनीचं. तिथे मी एंटर दाबण्याआधी दोनदा वाचलं. मग नवे जीयूआयडी (ओळख क्रमांक), एमडीत भरती, ईएफआय पार्टिशन फॅटने फॉरमॅट करून नक्कल, बूटची नोंद. पाऊण तासात दोन्ही 'यू' परत आले आणि त्या वेळातही बिलं निघतच होती.

बॅकअप मात्र वेगळा लागतोच. चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकदमच जाते. आमचा रोज रात्री दुसऱ्या मशीनवर जातो.

आता दुसऱ्या ब्लेडवर हेच करतोय. त्याच्या दोन डिस्क मी दोन वेगळ्या कंपन्यांच्या घेतल्या आहेत. पहिल्या जोडीचे सिरीयल नंबर एकापाठोपाठचे निघाले, म्हणजे दोन्ही एकाच वेळी जाण्याची भीती, आणि त्यातली राहिलेली डिस्क या पावसाळ्याआधीच बदलणार आहे.